कळांच्या आधीची चार इंजेक्शनं आणि बेळगावचा तो पेपर

विट्याकडच्या एका भावाचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीला एकतिसावा आठवडा चालू आहे. अचानक कळा सुरू झाल्या म्हणून सांगलीला आणून अ‍ॅडमिट केलं. डॉक्टरांनी बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोन या स्टेरॉईडची चार इंजेक्शनं सांगितली, त्यातली दोन झाली. रात्री मोबाईलवर शोधताना मोठ्या इंग्रजी जर्नलमधला एक पेपर सापडला. हे इंजेक्शन जिथे वाटलं तिथे उलट जास्त बाळं दगावली, असं त्यात लिहिलंय. अभ्यासाच्या गावांमध्ये शेजारचं बेळगावही आहे. घरचे घाबरलेत. उरलेली दोन घ्यायची की थांबवायची?

उरलेली दोन घ्या, आणि वेळेवर घ्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं उत्तर लांबणार आहे आणि पुढच्या डोसची वेळ त्यासाठी थांबणार नाही. बहिणीला ताप आला, किंवा पाणी गेलंय आणि त्याला घाण वास येतोय असं दिसलं, तर तिथल्या डॉक्टरांच्या लगेच कानावर घाला. त्या परिस्थितीत काय करायचं ते तेच ठरवतील. मोबाईलवरचा पेपर वाचून घरच्या घरी मात्र काही थांबवू नका.

तुम्ही वाचलेला पेपर खोटा नाही. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मलाही धक्का बसला होता, कारण आमची पिढी या इंजेक्शनला जवळजवळ देवाच्या जागी मानत आली होती. पण तो समजायचा तर गोष्ट मेंढ्यांपासून सुरू करावी लागते.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला मॉन्ट लिगिन्स नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. त्यांना फुफ्फुसांशी काही देणंघेणं नव्हतं. बाळंतपणाच्या कळा नेमकं कोण सुरू करतं, आई की पोटातलं बाळ, हा त्यांचा ध्यास. आटपाडी-माणकडच्या कोणालाही माहीत आहे की मेंढी पाच महिन्यांत विते. लिगिन्स यांनी गाभण मेंढ्यांच्या पोटातल्या कोकरांना स्टेरॉईड दिलं आणि मेंढ्या दिवसांआधीच व्यायल्या. इथपर्यंत त्यांचा अंदाज बरोबर आला. पण त्यातलं एक कोकरू जवळजवळ महिनाभर आधी जन्मलेलं. त्या दिवसांचं कोकरू जगत नाही, त्याची फुफ्फुसं यकृतासारखी घट्ट असतात. हे मात्र काही काळ श्वास घेत राहिलं, आणि मेल्यावर पाहिलं तर फुफ्फुसांचा बराच भाग हवेने फुगलेला होता. दुसरा कोणी असता तर ते टिपण वहीत पडून राहिलं असतं. लिगिन्स यांनी ते १९६९ साली छापलं आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना सोबत घेऊन थेट बायकांवरचा अभ्यास उभा केला.

त्या अभ्यासाचा पेपर १९७२ चा. २८२ बायका, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला बीटामेथासोन हे स्टेरॉईड, दुसऱ्याला फक्त तुलनेसाठीचं इंजेक्शन. ठरवून केलेली बाळंतपणं वगळून आपसूक लवकर झालेली पाहिली, तर कमी दिवसांच्या बाळांना होणारा श्वासाचा आजार दुसऱ्या गटात शंभरात जवळजवळ २६ बाळांना झाला, औषधाच्या गटात ९ बाळांना. पहिल्या आठवड्यातले मृत्यू १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आले. मात्र आजारातला फरक दिसला तो ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळांत, आणि तोही इंजेक्शननंतर निदान २४ तास मिळाले तर. म्हणजे कोणाला आणि कधी, याची अट पहिल्याच पेपरात लिहिलेली होती. लोकांनी आकडे लक्षात ठेवले आणि अट विसरली.

तो आजार म्हणजे काय, तेही सांगते, कारण उद्या बाळ लवकर झालंच तर तुम्हाला तो काचेपलीकडून दिसेल. फुफ्फुसांतल्या बारीक फुग्यांना आतून सरफॅक्टंट नावाचा एक निसरडा थर असतो. तो नसेल तर प्रत्येक उच्छ्वासाला फुगे मिटून चिकटतात, आणि बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका जोर लावून घ्यावा लागतो. नाकपुड्या फुलतात, बरगड्यांच्या मध्ये आणि छातीच्या हाडाखाली खड्डे पडतात, श्वास सोडताना बाळ कण्हतं. नातेवाईक म्हणतात, ‘बरं झालं, आवाज तरी करतंय.’ ते रडणं नसतं. मिटणारे फुगे उघडे ठेवण्यासाठी बाळाने घसा आवळून चालवलेली धडपड असते ती. काही तासांत ते दमतं. आईला दिलेलं स्टेरॉईड वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि हा थर लवकर तयार करायला लावतं. म्हणून इंजेक्शन आईच्या दंडात किंवा कमरेत असलं तरी औषध बाळाचं आहे.

इतकं चांगलं निघालं म्हटल्यावर जगाने ते उचलून धरायला हवं होतं. तसं झालं नाही. १९७२ च्या पेपरातच एक खोच होती. खूप बीपी आणि लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या बायकांच्या औषध गटात पोटातली बाळं थोडी जास्त गेल्यासारखी दिसली होती. आकडे लहान होते, पण भीती बसली. पुढे छोटे छोटे अभ्यास होत राहिले, कोणी म्हणे फायदा आहे, कोणी म्हणे ठाम सांगता येत नाही. १९९० मध्ये पॅट्रिशिया क्राउली आणि सहकाऱ्यांनी असे बारा अभ्यास एकत्र मोजले तेव्हा फायदा लख्ख दिसला. अमेरिकेत १९९४ साली तज्ज्ञांनी एकत्र बसून शिफारस केली. म्हणजे मधली बावीस वर्षं गेली. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचं बोधचिन्ह पाहिलंत तर त्यातल्या आडव्या रेघा याच इंजेक्शनच्या जुन्या अभ्यासांच्या आहेत.

आता तुमचा बेळगावचा पेपर. नाव अ‍ॅक्ट, साल २०१५, जर्नल लॅन्सेट. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि भारत असे सहा देश, भारतात बेळगाव आणि नागपूर. जवळजवळ एक लाख जन्म. प्रश्न अगदी रास्त होता: मोठ्या दवाखान्यात जे इंजेक्शन बाळं वाचवतं, ते खेड्यापर्यंत नेलं तर तिथेही वाचवेल का? अर्ध्या भागांत आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवलं, औषधाचे संच दिले, तारीख ठाऊक नसेल तर पोटाची उंची मोजायला टेप दिली. बाकीच्या भागांत नेहमीसारखंच चालू ठेवलं.

निकाल उलटा आला. अगदी लहान बाळांमध्ये मृत्यू कमी झाले नाहीत, आणि सगळी बाळं धरली तर हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांत २३.९ मृत्यूंच्या जागी २७.४ झाले. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. हेच वाचून तुम्ही घाबरलात.

पण इथे थांबून नीट बघा. या पेपरात तुलना गावांची गावांशी आहे. इंजेक्शन घेतलेली बाळं आणि न घेतलेली बाळं अशी ती नाही. इंजेक्शनवाल्या भागांत प्रत्यक्ष इंजेक्शन मिळालं शंभरात साधारण १२ बायकांना. आणि ज्यांना मिळालं त्यांच्यापैकी खरोखर लहान बाळ झालेल्या शंभरात फक्त १६ च्या आसपास. बाकीच्या ८४ जणींना कळा थांबल्या असतील, तारीख चुकली असेल, टेप चुकली असेल. त्यांची बाळं बेताच्या किंवा चांगल्या वजनाची निघाली. त्या बाळांना या औषधाचा उपयोग काहीच नव्हता, धोका तेवढा वाट्याला आला. नेमकं नुकसान कशातून झालं यावर अजून वाद आहे. पण चुकीच्या पोटात गेलेलं औषध कागदावर कसं दिसतं, ते या पेपरात दिसतं.

टेपबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या भागात सगळी मेख तिथेच आहे. ओटीच्या हाडापासून गर्भपिशवीच्या टोकापर्यंत जितके सेंटिमीटर, साधारण तितके आठवडे, असा ठोकताळा. दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे. आता ऊस तोडायला बीडकडून आलेली एखादी बाई समोर आणा. दिवाळीच्या सुमारास कारखाना सुरू झाला की ही माणसं फडाजवळ कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून राहतात. माता-बाल कार्ड गावी राहिलेलं असतं किंवा काढलेलंच नसतं. पाळी कधी चुकली विचारलं की उत्तर येतं, ‘गौरी-गणपतीच्या मागं-पुढं.’ रक्त कमी, पोटात अन्न कमी, डोक्यावर मोळी. बाळ पोटातच खुरटलेलं. तिला टेप लावली तर ३३ भरतात, आणि खरे आठवडे असतात ३७. ती ‘कमी दिवसांची’ ठरते, इंजेक्शन मिळतं, आणि पूर्ण दिवसांचं पण अशक्त बाळ जन्मतं. याच्या उलटही होतं. जुळं असेल किंवा पाणी जास्त असेल तर तिसाव्या आठवड्याचं पोट छत्तीसचं दिसतं, आणि जिला इंजेक्शनची खरी गरज ती निसटते.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी आम्ही मागत असतो. त्या वेळी बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून दिवस काढले तर चूक आठवड्याच्या आत राहते. शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच केलेली सोनोग्राफी दोन-तीन आठवडेसुद्धा चकवू शकते. तुमच्या बहिणीचा पहिला रिपोर्ट विट्यात कपाटात असेल तर कोणाला तरी पाठवून आजच मागवा. मोबाईलवर फोटो आला तरी चालेल.

आता तुम्हाला न सापडलेला पेपर. साल २०२०, अभ्यासाचं नाव अ‍ॅक्शन, जागतिक आरोग्य संघटनेने चालवलेला. पुन्हा गरीब आणि मध्यम देश: बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया, पाकिस्तान. भारताच्या केंद्रांत पुन्हा बेळगाव होतंच. फरक जागेचा. हा अभ्यास २९ दवाखान्यांत झाला, जिथे दिवस सोनोग्राफीने मोजलेले होते, बाई खरंच बाळंत होण्याच्या बेतात होती, संसर्गाची चिन्हं नव्हती आणि लहान बाळाची काळजी घ्यायची सोय होती. २६ पूर्ण ते ३४ च्या आत असे आठवडे, २८५२ बायका, औषध तेच डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅम दर बारा तासांनी, जास्तीत जास्त चार डोस. बाळं दगावण्याचं प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आलं. साधारण २५ बायकांना दिलं तर एक बाळ जास्त वाचतं, असा त्याचा हिशोब. आयांमध्ये संसर्ग वाढला नाही. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधी थांबवला.

तुमची बहीण कोणत्या पेपरातली आहे ते आता तुम्हीच ठरवा. ३१ आठवडे, कळा चालू, सांगलीतला दवाखाना, शेजारी मिरजेचे मोठे दवाखाने. ती दुसऱ्या पेपरातली आहे. तीच बाई जतच्या एखाद्या वाडीवर असती, दिवस माहीत नसते, पोटात नुसतं दुखत असतं आणि बाळंतपण घरीच व्हायचं असतं, तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अटीही याच आहेत, फक्त शब्द जड आहेत.

जतचं नाव काढलंच आहे तर एक वेगळी गोष्ट. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनेनुसार २४ ते ३४ आठवड्यांत खऱ्या कळा असतील तर उपकेंद्रावरच्या नर्सने, म्हणजे एएनएम सिस्टरनेसुद्धा, पहिला डोस देऊन मग पुढे पाठवायचं आहे. रेफर करताना डोस द्यावा की नको, या विचारात उपकेंद्रावर वेळ जातो आणि मिरजेपर्यंतचा रस्ता काही छोटा नाही. एक डोस पडून आलेली बाई मला रिकाम्या हाताने आलेल्या बाईपेक्षा केव्हाही चालते. फक्त चिठ्ठीवर औषध, मात्रा आणि वेळ लिहा. ‘इंजेक्शन दिले’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीने आमचं काहीच भागत नाही. ते धनुर्वाताचं टीटी होतं की डेक्सा हे रात्री दोन वाजता कोणाला विचारायचं?

घरच्यांच्या भीतीत ‘स्टेरॉईड’ या नावाचाही वाटा असणार. कोविडनंतर ते नाव काढलं की लोकांना काळी बुरशीच आठवते. कोविडमध्ये हेच डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, दहा दिवसांपर्यंत द्यायचं ठरलं होतं, आणि काहींनी त्याहून कितीतरी जास्त, जास्त दिवस, साखर न बघता घेतलं. इथे दोन दिवसांत मिळून २४ मिलिग्रॅम, मग बंद. आईची साखर काही दिवस चढते. बहिणीला मधुमेह असेल, किंवा गरोदरपणात साखर निघाली असेल, तर नर्सला आपणहून सांगा आणि रोज तपासायला लावा. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, त्यावरून लगेच संसर्ग झाला असं समजायचं नाही. एक-दोन दिवस बाळाची हालचाल थोडी मंद वाटू शकते, पण अगदीच थांबली असं वाटलं तर इंजेक्शनवर ढकलून गप्प बसू नका, लगेच सांगा.

मोठेपणी काय होतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ऑकलंडच्या त्या पहिल्या अभ्यासातली मुलं तिशीत आल्यावर पुन्हा शोधून तपासली. बीपी, कोलेस्टेरॉल, बुद्धी यांत फरक नव्हता; इन्शुलिनच्या बाबतीत किंचित फरक दिसला. फिनलंडच्या नोंदींवरून २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात मात्र अशा मुलांमध्ये वर्तनाच्या तक्रारी जास्त निघाल्या, विशेषतः जी पुढे पूर्ण दिवसांनी जन्मली त्यांच्यात. तो नोंदींचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला नाही, तेव्हा तेवढ्यावरून ठाम बोलता येत नाही. पण ज्याला गरज नाही त्याला देऊ नये, ही बाजू त्याने आणखी पक्की केली. ३४ आठवड्यांच्या पुढे सरसकट डेक्सा टोचणाऱ्यांशी माझं म्हणून पटत नाही. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बायकांवरच्या २०१६ च्या अमेरिकी अभ्यासात श्वासाचा त्रास थोडा कमी झाला, पण बाळाची साखर उतरण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेलं. जिथे रात्री बाळाची साखर तपासायला माणूस नाही, तिथे हा सौदा मला परवडणारा वाटत नाही.

इंजेक्शन झालं म्हणजे काम झालं, असंही नाही. बाळ लवकर झालंच तर पहिल्या तासापासून ऊब, आईचं दूध, नाकातून हलक्या दाबाची हवा म्हणजे सीपॅप, आणि मोजून दिलेला ऑक्सिजन लागेल. बाळ बरं दिसण्यासाठी ऑक्सिजन वाढवा, असा आग्रह धरू नका. जास्त ऑक्सिजनने या बाळांचे डोळे जाऊ शकतात. आणि त्वचेला त्वचा लावून छातीशी धरण्याची, कांगारू पद्धतीची, तयारी ठेवा. २०२१ च्या पाच देशांतल्या अभ्यासात १ किलो ते पावणेदोन-एक किलोच्या बाळांना ती स्थिर व्हायची वाट न पाहता लगेच सुरू केली, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. आईला जमलं नाही तर आजी, मावशी, बाप, कोणीही धरू शकतं. मामाही.

एक जुनी समजूत घरात कोणीतरी बोललं असेलच: सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. कृपा करून तिच्यासमोर हे बोलू नका. ३१ पेक्षा ३३ बरे, ३३ पेक्षा ३५ बरे, यात अपवाद नाही. तेव्हा कळा थांबल्या तर त्या थांबलेल्याच चांगल्या.

थांबल्या आणि ती घरी आली, तर कोर्स वाया गेला असं समजून दर आठवड्याला इंजेक्शनचा आग्रह धरू नका. पहिला कोर्स होऊन सात दिवस उलटले आणि पुन्हा बाळंत होण्याची चिन्हं दिसली, तर एकदाच पुन्हा कोर्स देता येतो, आणि तोही दिवस बघून डॉक्टरांनी ठरवायचा. त्यासाठी डिस्चार्ज कार्डवर चारही डोसांच्या तारखा आणि वेळा लिहून घ्या, पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट त्यालाच टाचून ठेवा, आणि ती फाईल बहिणीसोबतच राहू द्या, सासरच्या कपाटात नको.